बिरू, तुझं म्हणणं खाली लिवलंय

बिरू, हे मी वकीलसाहेबांच्या मशीनवर बडवतोय. कागद बी त्यांचाच. रविवार हाय म्हणून हापिसात कुणी न्हाई. साहेब कायम म्हणत्यात, "अरे हळू, टाइपरायटर आहे तो, मोट नव्हे." पर हळू करायला बसलो की रडू येतंय, म्हणून जोरात बडवतोय. काना-मात्रा सुटली तर सोडून दे. तुला तसं बी वाचता येत न्हवतं, कुणीतरी वाचून दाखवायला लागायचं, आन ते कुणीतरी म्हंजे मी.

आता कुणाला वाचून दाखवू, गड्या?

तुझी माती होऊन तिसरा दिस उलटला तवा मला कळलं. तुमच्या जतच्या माळावरनं सांगलीला सांगावा यायचा म्हंजे बाजाराला येणाऱ्या माणसाच्या तोंडानं. लोकर इकायला आलेला तुझा चुलता दारात हुबा राहिला आन म्हणला, "ते बिरूचं आटपलं." आटपलं! जशी काय सुगी आटपली. मी त्याला चहा करून दिला. त्यात साखर टाकायची इसरलो, आन तो बिचारा तसाच गप पिला.

तवापासनं जो भेटंल तो मला सांगतोय, सोन्यासारखं पोरगं, देवमाणूस. तू कुठला देवमाणूस? लय हट्टी हुतास, घोरायचास, आन माझी चप्पल घालून जायचास. आन आपलं भांडण आर्ध्यात टाकून गेलास. मला त्याचाच लय राग हाय. रडतोय ते निम्मं त्याच रागानं.

बेचाळीसला कचेरीवर झेंडा लावायला लोक निघालं तवा आपली वळख बी न्हवती. मी नदीकाठचा, उसातला, घरातनं दोन भाऊ पलटणीत. तू जतकडचा धनगर, खतासाठी आमच्या शिवारात मेंढरं बसवायला आलेला. गोळीबार झाला, लोक पळालं, तू आन मी ऱ्हायलो. मी देशासाठी. जेलात तुला इचारलं, "तू का न्हाई पळालास?" तर म्हणलास, "तू पळतोयस का बघत हुतो." आन पहिल्याच दिवशी माझं नाव टकळ्या ठेवलंस. म्हणलास, "मेंढरू तरी खाताना गप बसतंय."

जेलात आपलं पहिलं भांडण झालं ते लवंगंवरनं. आठवतंय?

बराकीच्या मागं फाशीवाल्याची कोठडी हुती. बांधावरनं चुलतभावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातलेला माणूस. पुढं मोठ्या जेलात न्यायचा हुता, तवर आपल्यात ठेवलेला. तुला आंगण झाडायचं काम, म्हणून तू त्याच्याशी बोलायचास. एकदा येऊन म्हणलास,

"टकळ्या, लवंग मिळंल का कुठं?"

"कशाला रं?"

"त्याची दाढ दुखतीया. कण्हतोय नुसता."

मला हसूच आलं. "लेका, फासावर जायचाय तो. दाढंचं काय घेऊन बसलास?"

"दाढ आज दुखतीया नव्हं."

"आन ज्याचं डोस्कं फोडलं त्याला दुखलं न्हाई व्हय?"

"दुखलं की. पर त्याला आता लवंग देता येत न्हाई. ह्याला येतीया."

स्वैपाकातल्या कैद्याला बिड्या देऊन तू लवंग आणलीस. त्याला गाडीत घालून नेला त्या सकाळी तू जेवला न्हाईस. तुझी भाकरी मीच खाल्ली, आन वर तुला ऐकवलं बी, "खुन्यासाठी उपास करतोस व्हय?" तू भिताडाकडं तोंड करून म्हणलास, "उपास न्हाई रं. त्याचं तोंड बरं झालं हुतं. काल भाकरी चावून खाल्ली त्यानं."

मी म्हणत हुतो खुनाला फाशी बरोबर हाय. आजबी मला सांगता येत न्हाई की चूक हाय. पर लवंगंचा वास आला की मी पानाच्या दुकानापासनं लांब होतोय, हे तुझ्यामुळं झालंय.

मग ते मोजणं.

सांजच्याला बराकीपुढं जोडीजोडीनं उकिडवं बसवायचे आन जमादार काठीनं दाखवत मोजत जायचा. आकडा जुळंस्तवर कुणी हलायचं न्हाई. त्या दिवशी त्याचा आकडा जुळंचना, पायाला मुंग्या आल्या सगळ्यांच्या. आन तुमच्यात रीत अशी, की मेंढरं मोजताना चूक ज्याला दिसली त्यानं तिथल्या तिथं बोलायचं, मग मोजणारा बाप का असंना. कळप पुढं सरकला की चूक सापडत न्हाई. तुझ्या हाडातच हुतं ते. तू बसल्या जागेवरनं म्हणलास, अगदी साधं, चुलत्याला सांगावं तसं:

"जमादार, मागली दोन सोडलीसा."

सगळी बराक हसली. पार कोठडीतले बी हसले. तुला कळंना काय झालं, तू इकडं तिकडं बघाय लागलास.

त्यानं तुला बाहीर वडला. काठी, मग बूट. आन मारताना म्हणत हुता, "मोज आता. मोज की!" आन तू मोजत हुतास, बिरू. खरंच मोजत हुतास, मोठ्यानं. मग मधीच तुझा आवाज गेला, आन पुढचं त्याचं त्यानंच मोजलं.

डाव्या अंगाच्या बरगड्या. कंपाउंडरनं पट्टी गुंडाळली आन गेला.

त्या दिवशीची आण. आपल्या बराकीतला वडूजचा शिवा म्हणला, ह्याचा सूड घ्यायची आण घेऊ, भंडारा उचलून. जेलात भंडारा कुठला? त्यानं आमटीचं वाडगं मधी ठेवलं. "हळद हाय नव्हं ह्यात? मग हाच भंडारा." आमटी अशी पांचट की बोटाला पिवळं लागंना, दोनदा बुडवायला लागली. आपलं राज्य आलं की जमादार फासावर, सगळ्यांनी आण घेतली. मी तर रडत घेतली. तू आडवा पडून बघत हुतास.

"ज्याची बरगडी मोडली त्याला कुणी इचारलं का?"

"तू गप पड," शिवा म्हणला.

"न्हाई, ती आमटी माझ्या वाटणीची हाय. सगळ्यांनी बोटं घातली. आता मी काय पिऊ?"

हसताना तुझ्या बरगड्या दुखत हुत्या आन तू हसत हुतास.

सुटल्यावर दोन वर्सांनी जमादार घावला. तवा आपल्याकडं सरकारचं कोर्ट नावाला ऱ्हायलं हुतं, भूमिगत पोरंच रानात न्याय करायची. जमादार रजेवर भणीच्या गावाला आला हुता, पोरांनी उचलला आन आमच्या उसात आणला. योग बघ, तुझी मेंढरं त्याच रानाशेजारी बसवलेली. काठ्यांना जाळं बांधून केलेली तुमची वाघर, आत मेंढरं, भर दुपार. मी मोटंचा नाडा, जाड दोर, खांद्यावर घालून आलो हुतो. त्याला टांगायला चिंच बी बघून ठेवली हुती.

म्होरक्या तुला म्हणला, "बिरूबा, मार तुमी खाल्लाय. शिक्षा तुमी सांगा."

शिवा म्हणला, "आधी तळपाय फोडू."

मी म्हणलो, "फाशी. आण हाय आपली."

जमादार गुडघ्यावर बसलेला, धोतर मातीनं भरलेलं. वर्दी नसली की किती लहान दिसत हुता तो. तू खोकलास, आन म्हणलास,

"जमादार, उठा. मेंढरं मोजा."

आमाला वाटलं चेष्टा हाय. पर तू वाघरीचं तोंड उघडून त्याला आत घातलास. तो मोजायला लागला. मेंढरं त्याच्या पायातनं इकडनं तिकडं. त्यानं आकडा सांगितला. तू म्हणलास, "पुन्ना." परत. "पुन्ना." ऊन कलंडलं, त्याचा आवाज बसला, आन मग तो मोजता मोजता हुंदके द्यायला लागला. पर थांबला न्हाई. तू बी थांबवला न्हाईस. दिस बुडायला त्याला तांब्यात पाणी दिलंस आन म्हणलास, "जावा. वाट पाटाकडनं हाय."

एकदाबी आकडा जुळला न्हाई त्याचा.

नाडा माझ्या खांद्यावरच. मी तो जमिनीवर आपटला आन तुला नको नको ते बोललो. भेकड म्हणलो. तू मेंढरांच्या पायातले काटे काढत बसलास. पुढं बरेच दिस मी तुझ्याशी बोललो न्हाई. मग न ऱ्हावून मीच आलो.

"तू त्याला माफ केलंस."

"मी कवा म्हणलो माफ?"

"मग सोडलास कशाला?"

"नाडा बांधला असतास तर तो दोन मिंटात सुटला असता. आन आपण त्याच्या पायाकडं बघत हुबं. मग तुला झोप लागली असती व्हय?"

"लागली असती!"

"मला न्हाई. मी आधीच खोकतोय, त्यात आणि हे." मग म्हणलास, "बकरं कापतुय आमी, ते खायाला. माणूस मारून काय करायचं? ना लोकर, ना मटण."

मी हसलो म्हणून तुला वाटलं भांडण मिटलं. मिटलं न्हवतं.

कारण मला दिसत हुतं तुझं काय झालंय ते. तू हाळी घालायचं सोडलं हुतंस. आधी तुझी हाळी माळाच्या त्या टोकाला जायची, आन समदा कळप एकदम मान वर करायचा. मारानंतर छातीत वारंच ऱ्हाईना. तू तोंड उघडायचास, नुसती फुस्स व्हायची, आन मेंढरं चरत ऱ्हायची. मग काठी आपटत त्यांच्या मागनं पळायचास, आन पळालास की खोकायचास. एकदा म्हणलास, "ह्यास्नी वाटतंय मी मेलो. दुसराच कोण तर आलाय." हसत म्हणलास. मी हसलो न्हाई.

आन मग ते कळलं. आपण सोडलेला जमादार परत कामावर गेला, आन पुढल्या पावसाळ्यात त्यानं दुसऱ्या एका पोराचा हात मोडला. कोवळं पोरगं. मी पळतच तुझ्या तळावर आलो, पायात चप्पल बी न्हाई. तू लोकर कातरत हुतास.

"बोल आता! नाडा बांधला असता तर त्या पोराचा हात शाबूत असता. बोल की!"

तुझी कातर थांबली. आर्धं कातरलेलं मेंढरू तुझ्या मांडीखाली धडपडत हुतं, आन तू बघतच ऱ्हायलास. तुझं असं तोंड मी जेलात बी बघितलं न्हवतं. मग म्हणलास,

"थांब. सांगतो."

तवापासनं जवा भेटलो तवा मी इचारलं. तू म्हणायचास, "सांगतो की. घाई काय हाय?" स्वराज्य आलं, कचेरीवर झेंडा लागला त्या दिवशी बी इचारलं, पेढा तोंडात असताना. शेवटी मोटार स्टँडवर, तुला जतच्या गाडीत बसवताना. तू खिडकीतनं म्हणलास, "पुढल्या खेपंला. पक्कं."

काय सांगणार हुतास रं? खरं उत्तर हुतं का तुझ्याकडं? का न्हवतंच, आन तेच सांगायचं हुतं? मी मोटारीतनं, उसातनं, झोपंतनं तुझ्या बाजूनं उत्तर शोधतोय आन मला घावत न्हाई. तू असतास तर मी तुला हरवला असता. तू नसताना मला जिंकता येईना झालंय.

आता पुढचं ऐक. तू गेल्याचं कळल्यावर शिवा वडूजवरनं आला. म्हणला, "आता आपलं राज्य हाय. जमादार अजून नोकरीत. झेंडा बदलला, बिल्ला बदलला, काठी तीच. आण इसरलास व्हय?" मी म्हणलो, इसरतोय कशाला. आन मशीनवर बसून एका दमात अर्ज बडवला: आमच्या मित्राला जेलात मारून मारून त्याचा जीव घेतला, सबब जमादारास फाशी व्हावी. वकीलसाहेबांनी वाचला आन चष्मा काढला.

"अरे, फाशी काय रेशनच्या दुकानात मिळते? आधी गुन्हा, मग साक्षी, मग कोर्ट. आणि मयताच्या घरच्यांची सही कुठे आहे?"

म्हणून मी जतला गेलो. तुझ्या आईचा, अव्वाचा अंगठा घ्यायला.

तुझी अव्वा खोपटापुढं लोकर पिंजत बसली हुती. मला बघून उठली न्हाई. नुसती बाजूला सरकली, बसायला जागा केली, तू असताना करायची तशी. मी अर्ज वाचून दाखवला. सगळा ऐकला तिनं. मग तव्याची काजळी बोटानं खरवडली आन अंगठ्याला लावली.

"कुठं लावू, सांग."

आन बिरू, मला काय झालं कुणास ठावं. मी कागद मागं वडला. म्हणलो, "अव्वा, बिरूला हे पटलं नसतं. त्यानं त्याला सोडला हुता." आन सुरूच झालो. लवंग, दाढ, आमटी, मेंढरं मोजायची शिक्षा, ना लोकर ना मटण, सगळं. तुझी बाजू मांडत हुतो मी! वाईट मांडली. तू दोन शब्दांत म्हणायचास ते मी शंभरात म्हणलो.

तिनं ऐकून घेतलं. मग म्हणली, "तू कुणाकडनं बोलाय लागलायस?"

मी कागद उलटा केला, सुलटा केला.

"तो चार वर्सं खोकला, ते तुमी ऐकलं न्हाई, मी ऐकलं. सांजचं मी दारात बसायची. त्याची हाळी यायची म्हंजे चुलीवर तवा ठेवायचा, असं हुतं. हाळी बंद झाली. तवा कवा ठेवायचा ते मला कळंनाच. भाकरी करपायच्या न्हाईतर गार व्हायच्या. त्यानं सोडला असंल त्याला. त्याची बरगडी हुती, त्यानं सोडला. माझं पोरगं हुतं. मी न्हाई सोडत. साकू आता, आण कागुद इकडं."

'साकू' म्हंजे पुरं. तू मला टकळी बंद करायला तेच म्हणायचास.

मी कागद पुढं केला. तिनं अंगठा दाबला, चांगला रुतवून. मग मी भीत भीत म्हणलो, "अव्वा, ह्याच्या खाली बिरूचं म्हणणं लिवू का? तुझं वर ऱ्हाऊ दे. त्याचं खाली."

तिनं काळा अंगठा लुगड्याला पुसला.

"लिव. त्याचं त्याला, माझं मला. घरात बी असंच हुतं. तो एक म्हणायचा, मी एक म्हणायची. जेवायला एकाच ताटात बसायचो."

म्हणून आज ते मशीनवर चढवलंय. तिच्या अंगठ्याच्या खाली, तुझ्या नावानं: मयताचं म्हणणं असं हुतं की, जमादारास मारू नये. त्याच्या हातातनं काठी काढून घ्यावी. त्यास जित्ता ठेवावा आन चूक सापडंस्तवर मोजायला लावावं. 'काठी काढून घ्यावी' हे मी घातलंय, गड्या. त्या पोराच्या मोडलेल्या हाताचं तुझ्याकडनं उत्तर म्हणून. तू हेच सांगणार हुतास का, मला ठावं न्हाई. नसंल तर राग धरू नको. तिथल्या तिथं बोल, तुमच्यातल्या रीतीनं.

शिवाला काल सांगितलं. तो वराडला, "एका अर्जात दोन मागण्या? सातारचा साहेब हसंल!" मी म्हणलो, हसू दे. बराक बी हसली हुती. तो उद्या सकाळी सातारला घेऊन जाणार हाय, दोन्ही मागण्यांसकट. माझी सही दोन्हीच्या मधी हाय. वर जाईना, खाली जाईना.

एकच सांगायचं ऱ्हायलं. त्या दिवशी जतला दिस कलला, मेंढरं वाघरीत आली, आन अव्वा म्हणली, "मोज. बिरू मोजायचा. मला आता सांजचं दिसत न्हाई." मी वाघरीच्या तोंडाशी हुबा ऱ्हाऊन मोजली. आकडा सांगितला.

तिला कळपाचा आकडा तोंडपाठ. तिनं मान हलवली. "दोन सोडलीस. पुन्ना."

मी तिथंच खाली बसलो, बिरू. डोळ्यापुढं नुसती लोकर दिसत हुती, पांढरी, काळी, सगळी एकात एक. ती काठी घेऊन वाघरीचं तोंड धरून हुबी ऱ्हायली, माझं रडणं होईस्तवर, एक मेंढरू बाहीर जाऊ दिलं न्हाई.

मग मी उठलो आन पहिल्यापासनं मोजायला लागलो.